शाळेची जागा कोणाच्या नावावर?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींनी घर घेतले की पुण्या-नाशिकच्या आईवडिलांना फोनवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: ‘इथलं स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे.’ न्यू जर्सी असो की कॅलिफोर्निया, घर महाग पडले तरी चालते, पण शाळा चांगली हवी. ही धडपड स्वाभाविक आहे. तिच्या मुळाशी असलेली व्यवस्था मात्र आपल्याकडे फारशी कोणी समजून घेत नाही. अमेरिकेत सरकारी शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि शाळेची इमारत तर बहुतेक राज्यांत त्या भागातल्या लोकांनीच कर्ज काढून बांधायची असते. स्थानिक शिक्षण मंडळ मतदारांपुढे कर्जरोख्यांचा प्रस्ताव ठेवते. मतदारांनी होकार दिला की रोखे विकले जातात आणि पुढची वीस-तीस वर्षे तिथले घरमालक आपल्या करातून ते फेडत राहतात. जिथे घरे महाग, तिथे थोड्या दराच्या करातूनही भक्कम रक्कम जमते. जिथे घरे स्वस्त आणि जुनाट, तिथे दर वाढवूनही हाती फारसे लागत नाही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात हे आकड्यांनिशी कोर्टापुढे आले. एजवुड ही तिथली प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांची वस्ती. १९६८ साली तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी मोडकळीला आलेल्या इमारतीच्या निषेधार्थ वर्ग सोडले आणि पाठोपाठ डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक न्यायालयात गेले. एजवुडने शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर लावला होता, आणि राज्याच्या ठरलेल्या हिशेबापलीकडे त्यातून दर मुलामागे २६ डॉलर जमत होते. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या श्रीमंत भागाने ०.८५ डॉलर दर लावला, आणि तिथे दर मुलामागे ३३३ डॉलर जमत होते. जास्त दराने कर भरणाऱ्यांच्या मुलांना कमी मिळत होते. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि ही करपद्धत घटनाबाह्य ठरत नाही. पुढचे लढे मग एकेका राज्याच्या न्यायालयात लढावे लागले. काही राज्यांत ते जिंकले गेले, पण इमारतींची विषमता बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली.

चार्टर शाळा या जमिनीवर आल्या. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही देशातली पहिली चार्टर शाळा सुरू झाली. शाळा सोडून दिलेल्या किशोरवयीन मुलांसाठी ती काढलेली होती. आज देशभरात साडेसात हजारांहून अधिक चार्टर शाळांत सुमारे ३७ लाख मुले शिकतात. शिक्षकांनी, पालकांनी किंवा एखाद्या संस्थेने शाळा काढायची, सरकारने ठरावीक मुदतीची, बहुधा पाच वर्षांची सनद, म्हणजेच चार्टर, द्यायची. मुलांकडून फी घ्यायची नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढायची. दर मुलामागे ठरलेली रक्कम सरकारकडून घ्यायची, आणि निकाल दाखवता आला नाही तर सनद गमवायची. आपल्याकडच्या खाजगी अनुदानित शाळेची ज्यांना माहिती आहे त्यांना यातला एक पेच लगेच कळेल. पगाराचे पैसे सरकारचे, इमारतीची चिंता मुख्यतः संस्थेची. चार्टर शाळेचे तसेच झाले, फक्त आणखी कडक. तिला कर लावण्याचा अधिकार नाही. मतदारांकडे रोखे मागायला ती जाऊ शकत नाही. आणि अनेक राज्यांच्या मूळ कायद्यांत इमारतीसाठी वेगळा पैसाच धरलेला नव्हता.

म्हणून या शाळा जागा मिळेल तिथे भरल्या. चर्चच्या तळघरात, बंद पडलेल्या कॅथलिक शाळेत, रिकाम्या गोदामात, उठून गेलेल्या सुपरमार्केटमध्ये. भाडे त्याच पैशातून जाते जो मुलाच्या शिकण्यासाठी आलेला असतो. या क्षेत्रात काम करणारे सांगतात की जागेचा खर्च शाळेच्या उत्पन्नाच्या साधारण १५ टक्क्यांच्या आत राहिला तरच शाळा तग धरते. त्यापलीकडे गेला की पहिल्यांदा संगीताचा शिक्षक जातो, मग समुपदेशक, मग ग्रंथालय.

इमारतीने काय फरक पडतो, चांगला शिक्षक झाडाखालीही शिकवतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते बोलणे पटत नाही, आणि ते बहुधा अशीच माणसे बोलतात ज्यांची स्वतःची मुले झाडाखाली बसत नाहीत. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनमध्ये आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये शाळांच्या नव्या बांधकामाचा अभ्यास झाला, तेव्हा नव्या इमारतीत गेलेल्या मुलांची प्रगती मोजण्याइतकी सुधारलेली दिसली. लॉस एंजेलिसमध्ये तर कित्येक शाळांत गर्दी इतकी होती की मुलांच्या तुकड्या पाडून वर्षभर आळीपाळीने शाळा चालवाव्या लागत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये सांगितले की देशातल्या सुमारे ४१ टक्के शालेय जिल्ह्यांमध्ये किमान निम्म्या शाळांची हवा खेळती ठेवणारी आणि तापमान राखणारी यंत्रणा बदलण्याच्या किंवा सुधारण्याच्या स्थितीत आहे. दम्याचे प्रमाण जिथे जास्त, अशा वस्त्यांतही असे वर्ग आहेत.

आता बँकेकडे जाऊ, कारण खरी गाठ तिथे आहे.

समजा, गरीब वस्तीत ५०० मुलांची शाळा बांधायची आहे आणि खर्च १ कोटी डॉलर आहे. बँकेचा मूल्यांकनकार येतो आणि बांधून झाल्यावर ही इमारत बाजारात कितीला विकली जाईल हे पाहतो. सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी श्रीमंत वस्तीत जेवढी, तेवढीच इथेही. विक्रीची किंमत मात्र शेजारच्या घरांवरून ठरते. खर्च १ कोटी आणि मूल्यांकन ६० लाख असे होणे इथे नवल नाही. बँक त्या ६० लाखांच्याही ७५-८० टक्केच कर्ज देते. उरलेली रक्कम शाळेने आणायची, आणि ज्या शाळेकडे शिल्लकच नाही ती कुठून आणणार? ही खालावलेली किंमत आपोआप उगवलेली नाही. १९३० च्या दशकात संघराज्याच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखवल्या. पुढच्या काही पिढ्यांत त्या भागांत कर्ज पोचले नाही, दुरुस्त्या झाल्या नाहीत, किमती पडल्या. आज तीच पडलेली किंमत समोर ठेवून बँक म्हणते की तारण पुरेसे नाही. जुन्या अन्यायाचा परिणाम नव्या नकाराचे कारण होतो.

मुदतीचाही मेळ बसत नाही. कर्ज पंचवीस-तीस वर्षांचे, सनद पाच वर्षांची. पाच वर्षांनी सनद गेली तर हप्ते कोण भरणार? शिवाय चार्टर शाळा बहुधा एक-दोन इयत्तांपासून सुरू होते आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवते. इमारत पहिल्या दिवसापासून ५०० मुलांची लागते, पैसे मात्र पहिल्या वर्षी शंभर-सव्वाशे मुलांचेच येतात. व्यवहारी सावकाराने नकार द्यावा अशी ही सगळी परिस्थिती आहे, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो ठेवीदारांच्या पैशाचा राखणदार आहे.

या जागी ना-नफा वित्तसंस्था उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. नॉर्थ कॅरोलायनातली सेल्फ-हेल्प ही संस्था १९८० मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे पहिले भांडवल घरगुती केक-बिस्किटे विकून जमवलेले ७७ डॉलर होते. फोर्ड फाउंडेशनच्या पुढाकाराने १९७९ मध्ये लिस्क निघाली, फिलाडेल्फियात १९८५ मध्ये रीइन्व्हेस्टमेंट फंड, शिकागोत १९८८ मध्ये आयएफएफ, न्यूयॉर्कमध्ये २००२ मध्ये सिव्हिक बिल्डर्स. यातल्या बहुतेक मुळात स्वस्त घरे, पाळणाघरे, दवाखाने यांना कर्ज देणाऱ्या. चार्टर शाळा आल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतले. बँक सोडते ती मधली रक्कम या देतात. बँकेचा हक्क पहिला आणि आपला दुसरा, म्हणजे बुडाले तर आधी आपले बुडेल, ही अट त्या मान्य करतात. काही संस्था स्वतःच जागा घेऊन, बांधून, शाळेला परवडेल अशा भाड्याने देतात, आणि शाळा भरली, सनदेचे एकदा नूतनीकरण झाले की ती इमारत तिला विकतात. कागदपत्रे, नकाशे, नगररचनेच्या परवानग्या, वास्तुविशारदाशी वाटाघाटी हे सगळे मुख्याध्यापिकेच्या डोक्यावरून उतरते. ते ओझे केवढे असते हे ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांनाच विचारावे.

यामागे सरकारची ताकद मोठी आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. १९७७ च्या कायद्याने बँकांवर आपल्या परिसरातल्या गरीब वस्त्यांनाही कर्ज देण्याची जबाबदारी टाकली. १९९४ च्या कायद्याने अशा सामाजिक वित्तसंस्थांसाठी संघराज्याचा निधी उभा केला. शिक्षण खात्याची एक योजना आहे, तिच्यात पैसा थेट बांधकामाला मिळत नाही. तो ना-नफा संस्थेकडे राखीव राहतो आणि कर्ज बुडाले तर बँकेला त्यातून भरपाई मिळते. एवढ्या हमीवर खाजगी पैसा येतो. या योजनेचा अनुभव असा की हमीची रक्कम प्रत्यक्षात फार थोडी वापरावी लागली. ज्या वस्त्यांना धोक्याच्या ठरवले होते तिथल्या शाळांनी हप्ते भरले. माझ्या दृष्टीने या तीन दशकांच्या कामाची सर्वांत मोठी कमाई हीच आहे. त्याने एक समज खोटा पाडला.

इथपर्यंत मी या चळवळीबरोबर आहे. यापुढे माझे मतभेद सुरू होतात.

पहिला मुद्दा पैशाच्या किमतीचा. १ कोटी डॉलरचे कर्ज, ३० वर्षांची मुदत, दरमहा समान हप्ता. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाला सुमारे ५ लाख ७३ हजार डॉलर भरावे लागतात. ७ टक्के असेल तर सुमारे ७ लाख ९८ हजार. फरक वर्षाला सव्वादोन लाख डॉलरचा, म्हणजे ५०० मुलांच्या शाळेत दर मुलामागे साडेचारशे डॉलर. तीस वर्षांत हा फरक ६७ लाखांवर जातो. करवसुलीच्या जोरावर रोखे काढणाऱ्या शिक्षण मंडळाला पैसा स्वस्तात मिळतो, सनदेच्या जोरावर कर्ज काढणाऱ्या चार्टर शाळेला महाग. दोन्हीकडे मुले त्याच शहराची, करदाते तेच. व्याजाच्या या फरकाने एकही वीट जास्त बसत नाही.

सवलतीच्या योजनाही खर्चिक आहेत. २००० साली आलेली न्यू मार्केट्स कर-सवलत घ्या. ज्या जनगणना-विभागात किमान २० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत किंवा कुटुंबांचे उत्पन्न परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून अधिक नाही, तिथे गुंतवणूक करणाऱ्याला सात वर्षांत गुंतवणुकीच्या ३९ टक्के करमाफी मिळते. ही योजना २०२५ मध्ये कायमची करण्यात आली. तिच्यामुळे शेकडो इमारती झाल्या हे खरे. पण गुंतवणूकदार बँक सवलत पूर्ण किमतीला विकत घेत नाही, मध्यस्थ संस्थेचे शुल्क असते, दोन्ही बाजूंचे वकील, हिशेबनीस, सात वर्षांची देखरेख असते. अनेक व्यवहारांत शेवटी प्रकल्पाच्या हाती खर्चाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच निव्वळ लाभ उरतो. सरकारने सोडलेल्या कराचा उरलेला भाग वाटेतच खर्ची पडतो. सरकारला गरीब वस्तीत शाळा हवी असेल तर ती इतक्या वळणांनी का मिळवावी लागते, हा प्रश्न करदात्याने विचारायला हवा, आणि या योजनेवर काम करणाऱ्या सज्जन माणसांनीही.

दुसरा मुद्दा माझ्या लेखी याहून मोठा आहे. तीस वर्षे मुलांच्या नावाने आलेल्या सरकारी पैशातून हप्ते फेडले जातात. हप्ते संपल्यावर इमारत कोणाची?

उत्तर कागदपत्रांत असते आणि ते एकसारखे नाही. कुठे शाळेच्याच ना-नफा मंडळाची, कुठे त्या मंडळाने काढलेल्या वेगळ्या कंपनीची, कुठे शाळा चालवणाऱ्या व्यवस्थापन कंपनीच्या भगिनी कंपनीची. शेवटच्या प्रकारात शाळा चालवणारा आणि शाळेला भाड्याने जागा देणारा एकच असतो, म्हणजे भाडे ठरवणारा आणि भरणारा हात एकच. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हाइट हॅट मॅनेजमेंट या शाळा चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. शाळांच्या मंडळांनी तिच्याशी फारकत घेतली होती. न्यायालयाने सांगितले की करार पाहता, सरकारी पैशातून कंपनीने शाळांसाठी घेतलेले बाक, संगणक, साहित्य शाळांना हवे असेल तर त्यांनी ते कंपनीकडून विकत घ्यावे. ते बाक-संगणक होते, इमारती नव्हत्या. तरी करारातली एक ओळ सार्वजनिक वस्तूला खाजगी कशी करते हे त्यातून दिसले. २०१६ मध्ये संघराज्याच्या शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी सहा राज्यांतल्या ३३ चार्टर शाळा तपासल्या. त्यातल्या २२ शाळांत व्यवस्थापन संस्थांशी असलेल्या संबंधांवर पुरेसे अंतर्गत नियंत्रण आढळले नाही.

नफा न कमावणारी संस्था असली की हा धोका टळतो असेही नाही. शिकागोत युनायटेड नेबरहुड ऑर्गनायझेशन या ना-नफा संस्थेला इलिनॉय राज्याने २००९ मध्ये शाळा बांधण्यासाठी ९ कोटी ८० लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. बांधकामाची काही कामे संस्थेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भावांच्या कंपन्यांकडे गेली, आणि रोखे विकताना हे गुंतवणूकदारांना नीट सांगितले नाही म्हणून २०१४ मध्ये रोखे बाजाराच्या नियामकाने तिच्यावर कारवाई केली. ज्या लॅटिनो वस्त्यांना खरोखर शाळा हव्या होत्या, बदनामी त्यांच्या वाट्याला आली.

मला इथे शंभर वर्षांपूर्वीचे एक काम आठवते. सिअर्स रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेला देणगी दिली होती. तिच्यातून उरलेल्या पैशात संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१२ च्या सुमारास अलाबामात कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा छोट्या शाळा बांधायला घेतल्या. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या १५ राज्यांत अशा जवळजवळ पाच हजार शाळा झाल्या. सुरुवातीचे आराखडे टस्कीगीचे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर आणि त्यांचे सहकारी यांनी केले. विजेचा पत्ता नसलेल्या गावांत वर्गात उजेड नीट यावा म्हणून उंच खिडक्यांच्या रांगा आणि त्यांच्या दिशाही ठरवून दिलेल्या होत्या. एकूण खर्च २ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास. त्यात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि कृष्णवर्णीय शेतकरी-मजुरांनी रोख, लाकूडफाटा आणि श्रम या रूपांत दिलेला वाटा त्याहून थोडा जास्त. काही गावांत कापसाचे एक वावर शाळेसाठी राखून ठेवत. बाकी बहुतेक पैसा सरकारी करातला. आणि या सगळ्याला एक अट होती. जागा आणि इमारत सार्वजनिक शिक्षण यंत्रणेच्या नावावर करून द्यायची. देणगी खाजगी, श्रम गावाचे, मालकी सार्वजनिक. सरकारने ती शाळा आपली मानावी, तिला शिक्षक द्यावा, तिचा खर्च उचलावा, हा त्यामागचा आग्रह होता.

या कामाचे गोडवे गाताना त्यातला अन्यायही सांगायला हवा. ही कुटुंबे कर आधीच भरत होती. तो कर गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च होत होता आणि आपल्या मुलांसाठी त्यांना पुन्हा पदरमोड करावी लागत होती. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला दुहेरी करआकारणी म्हटले आहे. आजच्या चार्टर शाळेच्या इमारतीकडे पाहताना मला हाच दुहेरीपणा पुन्हा दिसतो. वस्तीतले आईवडील भाडेकरू असले तरी घरभाड्यातून मालमत्ता कर भरतातच. त्या करातून सरकारी शाळांच्या इमारतींचे रोखे फिटतात. आणि आपल्या मुलाच्या चार्टर शाळेच्या इमारतीचे व्याज त्या मुलाच्या वर्गखर्चातून जाते. रोझेनवाल्डच्या काळात निदान मालकी सार्वजनिक होत असे. आज बऱ्याच ठिकाणी तेही होत नाही.

चार्टर शाळांच्या विरोधकांचे म्हणणे मी हलके मानत नाही. २०१३ मध्ये शिकागोने एका फटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद केल्या, फिलाडेल्फियाने त्याच वर्षी वीसहून अधिक. मुले कमी झाली हे एक कारण, पैसा नाही हे दुसरे, आणि चार्टर शाळांकडे गेलेली मुले हे तिसरे. एका गल्लीत दगडी बांधणीची भक्कम सरकारी शाळा कुलूपबंद, आणि चार चौक पलीकडे कर्ज काढून नवी चार्टर इमारत, असे चित्र काही शहरांत खरोखर निर्माण झाले. कोणत्याही ना-नफा संस्थेने अशा कामाला कर्ज देऊ नये असे मला वाटते, मग ती शाळा कितीही चांगली असो. पण यावरून ‘चार्टर शाळांना इमारतीचा पैसाच देऊ नका’ असा निष्कर्ष काढणारे मुलांना शिक्षा करत असतात. त्या ३७ लाख मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी कायद्याने उघडलेल्या दारातून प्रवेश घेतला आहे. बोस्टनमध्ये सोडतीतून निवडलेल्या आणि न निवडलेल्या मुलांची तुलना झाली तेव्हा चार्टर शाळांतल्या मुलांची प्रगती ठळकपणे जास्त निघाली. सगळ्या चार्टर शाळा अशा नाहीत, काही फारच वाईट आहेत. तरी त्या मुलाला तळघरात बसवून कोणाचे तत्त्व जिंकते?

चार्टर समर्थकांची अडचण वेगळी आहे. त्यांना भीती वाटते की इमारत शिक्षण मंडळाच्या हाती राहिली तर ते मंडळ घरमालक होऊन आपल्या प्रतिस्पर्ध्याला छळेल. भीती पोकळ नाही. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी प्रस्ताव ३९ मंजूर केला. त्याने शिक्षण मंडळांना रोख्यांसाठी दोन-तृतीयांशाऐवजी ५५ टक्के मते पुरेशी केली आणि बदल्यात चार्टर शाळांना तोडीस तोड जागा देण्याचे बंधन घातले. पण ही जागा वर्षावर्षाच्या अर्जावर मिळते. एकाच इमारतीत दोन शाळा, एकच भोजनगृह, एकच मैदान, आणि पुढच्या वर्षी कुठे बसायचे याचा पत्ता नाही. न्यूयॉर्कमध्ये महापौर बदलले तसे जागावाटपाचे धोरण बदलले, मोर्चे निघाले, आणि २०१४ मध्ये राज्याला कायदा करावा लागला की नव्या आणि वाढणाऱ्या चार्टर शाळांना शहराने जागा तरी द्यावी किंवा भाड्यासाठी मदत तरी.

म्हणून मालकी सार्वजनिक असावी, पण ती शाळांशी स्पर्धा करणाऱ्या मंडळाच्या मर्जीवर नसावी. हे जमते. न्यू ऑर्लीन्समध्ये २००५ च्या कॅटरिना वादळानंतर जे झाले त्यात फार वेदना आहेत. सात हजारांहून अधिक शालेय कर्मचारी कामावरून काढले गेले, त्यांत कृष्णवर्णीय शिक्षकांचा भरणा होता. ती जखम मी विसरत नाही. पण इमारतींच्या बाबतीत त्या शहराने एक शहाणपणाची गोष्ट केली. संघराज्याच्या आपत्ती-निवारण यंत्रणेकडून २०१० मध्ये सुमारे १.८ अब्ज डॉलरची एकरकमी भरपाई ठरली, एक आराखडा झाला, आणि चार्टर शाळा ज्या इमारतींत भरतात त्यातल्या बहुतेक सार्वजनिक मालकीच्या राहिल्या. २०१४ मध्ये मतदारांनी शालेय इमारतींच्या देखभालीसाठी कर चालू ठेवायला मंजुरी दिली. एखाद्या संस्थेची सनद गेली तर संस्था जाते, इमारत जागेवर राहते आणि तिथे दुसरी शाळा भरते. वॉशिंग्टन शहर दर मुलामागे वर्षाला ३ हजार डॉलरहून अधिक रक्कम फक्त जागेसाठी देते, आणि रिकाम्या झालेल्या सरकारी शाळा-इमारती घेण्याची पहिली संधी चार्टर शाळांना मिळते. टेक्सासने तर सरळ राज्याचे वजनच मागे उभे केले. तिथला कायमस्वरूपी शालेय निधी १८५४ पासूनचा आहे, पतमानांकन सर्वोच्च. २०१४ पासून पात्र चार्टर शाळांच्या रोख्यांनाही या निधीची हमी मिळू लागली, आणि हमी असली की त्या शाळेचे रोखे सर्वोच्च मानांकनाचे मोजले जातात. कर-सवलतीच्या सात वर्षांच्या कसरतीपेक्षा ही एक सही शाळेला अधिक देते.

ना-नफा संस्थांचे काम मग संपते का? नाही. पहिली पाच-सात वर्षे, शाळा भरत असताना, राज्याची हमी मिळण्याआधी जो धोका असतो तो उचलायला कोणीतरी लागतेच. जागा हेरणे, जुन्या चर्चशाळेतले शिसे आणि अ‍ॅस्बेस्टॉस काढणे, नवख्या मंडळाला हिशेब शिकवणे, ही कामे त्यांच्याइतकी चांगली कोणी करत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कर्ज देणारा अटी घालू शकतो, आणि त्यासाठी कोणत्याही राज्याचा कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. कर्ज फिटल्यावर किंवा शाळा बंद पडल्यावर इमारत पुन्हा सार्वजनिक शाळेसाठीच, त्याच वस्तीतल्या मुलांसाठी वापरली जाईल, अशी नोंद मालकीच्या दस्तऐवजातच करून घ्यावी. शाळा चालवणाऱ्या व्यवस्थापनाचा जागेच्या मालकीत हितसंबंध असेल तर कर्ज नाकारावे. भाडे आणि व्याज मिळून दर मुलामागे किती पडते हा आकडा दरवर्षी पालकांच्या सभेत वाचून दाखवावा. आणि अर्ज आला की सर्वांत आधी त्या भागाचा नकाशा समोर घेऊन पाहावे की चालत जाण्याच्या अंतरावर एखादी सरकारी शाळा कुलूप लावून उभी आहे का. असेल, तर नव्या बांधकामाचे कर्ज देण्याऐवजी ती इमारत मिळवून दुरुस्त करण्याचे कर्ज द्यावे, आणि शिक्षण मंडळाशी लागणारे भांडण शाळेच्या वतीने आपण भांडावे.